रामशेज सोडून रायगड

महाराष्ट्रात जिल्हा बदलला की तिसरीतल्या मुलाच्या दप्तरातले एक पुस्तकही बदलते. मराठी, गणित, इंग्रजी राज्यभर सारखे, पण परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळे. नाशिकचे निराळे, बीडचे निराळे, नागपूरचे निराळे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात राहणाऱ्या घरात हे कोणाच्या लक्षातही येत नाही. एकलहऱ्यात मात्र येते. नाशिकरोडजवळ गोदावरीच्या काठी वसलेल्या या गावात औष्णिक वीज केंद्र आहे आणि वीज केंद्राची नोकरी म्हणजे बदलीची नोकरी. परळी, पारस, भुसावळ, कोराडी, चंद्रपूर, एकलहरे अशी ती साखळी. जूनमध्ये परळीला बीड जिल्ह्याच्या पुस्तकाला कव्हर घातलेल्या मुलाच्या वडिलांची बदली दिवाळीत झाली, तर त्याला इथे येऊन नाशिक जिल्ह्याचे पुस्तक उघडावे लागणार. तोवर ‘आपला’ म्हणून पाठ केलेला वैजनाथ दुसऱ्या जिल्ह्याचा झाला आणि त्र्यंबकेश्वर आपला.

चौथीत गेले की ही भानगड मिटते. तिथे शिवछत्रपती. ते सगळ्या जिल्ह्यांना एकच, बदलीचा प्रश्नच नाही. जिल्हा एक वर्ष, मग राज्य, मग देश अशी आपल्या शालेय इतिहासाची उतरंड आहे. त्यात तळाचे मडके, म्हणजे खुद्द गाव, अगदीच लहान राहिले. असे का झाले, याचा शोध बराच मागे जातो.

इंग्रजी अमदानीत मराठी शाळा निघू लागल्या तेव्हा मुलांच्या हाती इतिहास म्हणून द्यायला छापील पुस्तक जवळजवळ नव्हतेच. बखरी होत्या, त्या मोडीत आणि वाड्यांच्या दप्तरांत. साताऱ्याला रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिला, तो १८२६ साली छापून निघाला. पाठोपाठ १८२९-३० मध्ये कॅप्टन डेव्हिड केपन आणि बाबा साने यांनी तो ‘मराठ्यांची बखर’ म्हणून मराठीत आणला. म्हणजे मराठी मुलाला मराठ्यांचा इतिहास पहिल्यांदा छापील स्वरूपात मिळाला तो ज्यांनी पेशवाई बुडवली त्यांच्या माणसाकडून. पुढची तीस-चाळीस वर्षे हे कोणाला फारसे खटकले नाही. १८६७ साली पुण्यात कॉलेजात शिकणाऱ्या नीलकंठ जनार्दन कीर्तन्यांनी डफच्या बखरीवर टीका करणारा निबंध वाचला, तेव्हा वादाला तोंड फुटले. दोनच वर्षांनी जोतीराव फुल्यांनी शिवाजीराजांवर पोवाडा रचला, तो वेगळ्याच बाजूने. शतक संपता संपता राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड आला आणि पुढे बडोद्याला राजपुत्रांना शिकवणाऱ्या गोविंद सखाराम सरदेसायांनी रियासती लिहिता लिहिता शालोपयोगी इतिहासही लिहिले. कीर्तने, फुले, राजवाडे, सरदेसाई या चौघांचे आपसात क्वचितच पटले असते. पण शाळेतला इतिहास कोणी लिहायचा, हा प्रश्न त्यांनी सरकारी खात्याच्या हातून ओढून चावडीवर आणला.

या सगळ्या वादात गावाचा पत्ता नव्हता. वाद मराठ्यांचा होता, राज्याचा होता. गाव शिकवले जाई ते भूगोलाच्या तासाला. आधी शाळेचा नकाशा, मग गाव, तालुका, जिल्हा, इलाखा. जिल्ह्याच्या भूगोलाची छोटी पुस्तके निघत आणि त्यांत नद्या, पिके, बाजाराचे दिवस यांच्या शेपटाला दोन ओळी इतिहास असे. आजचे जिल्हानिहाय परिसर अभ्यासाचे पुस्तक त्याच कुळातले. भूगोलाच्या घरी इतिहास तेव्हापासून पोटभाडेकरूच राहिला आहे.

गंमत अशी की स्थानिक इतिहास गोळा करायला सरकारने वापरले ते शाळामास्तरांनाच. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार. लोकसमजुती, गावदेवता, विधी यांविषयी त्यांनी प्रश्नावली तयार करून मुंबई इलाख्यातल्या शाळांच्या मास्तरांकडे पाठवली आणि मास्तरांनी गावोगावची माहिती लिहून धाडली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी जॅक्सन यांना गोळ्या घातल्या. बाबाराव सावरकरांवर खटला भरणारा अधिकारी म्हणून क्रांतिकारकांचा त्यांच्यावर रोष होता. जॅक्सन यांनी जमवलेली टिपणे पुढे एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४-१५ मध्ये दोन भागांत छापली, एक गुजरातचा आणि एक कोकणचा. पुस्तकभर तळटीपांत ‘अमुक गावचा शाळामास्तर’ अशी नोंद येत राहते. गावचा इतिहास टिपून घेण्याची अक्कल आणि सवय मास्तरांपाशी होती, याचा यापेक्षा चांगला पुरावा नको. मात्र ती माहिती मास्तरांच्याच वर्गात परत कधी आली नाही. विलायतेतल्या विद्वानांच्या कपाटात गेली.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तिच्यात परिसर हेच पुस्तक होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी हे करून दाखवले. सरकारी शाळांत त्यातली टकळी तेवढी काही वर्षे फिरली.

मग १ मे १९६० आला. नव्या राज्याला आपली म्हणून एक गोष्ट हवी होती, मुंबईपासून चांद्यापर्यंतच्या मुलांनी एकत्र सांगावी अशी. २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारती स्थापन झाली आणि १९७० च्या सुमारास चौथीला ‘शिवछत्रपती’ आले. मराठी मुलांसाठी सरकारने काढलेले इतके यशस्वी पुस्तक दुसरे नसेल. अफजलखान, शायिस्ताखानाची बोटे, आग्र्याचे पेटारे, तानाजीची घोरपड हे सारे तीन पिढ्यांना तोंडपाठ आहे, आणि त्याचे श्रेय जितके आजीला आणि शाहिरांना तितकेच या पुस्तकाला. वर्षभर एकच माणूस, एकच धागा. नऊ वर्षांच्या मुलाला इतिहास असाच लागतो. यात खोट काढण्यासारखे काही नाही. खोट आहे ती तिसरीचे पुस्तक बंद केल्यावर जिल्हा पुन्हा उघडलाच जात नाही, यात.

ही खोट कशी दिसते ते पाहायचे असेल तर दिवाळीच्या सुट्टीत कुठल्याही वसाहतीतून चक्कर मारावी. अभ्यासक्रमात नसलेला, शिक्षकांनी न सांगितलेला आणि तरीही महाराष्ट्रभर होणारा इतिहासाचा सर्वांत मोठा प्रकल्प तिथे चाललेला असतो. विटांचे तुकडे आणि दगड रचून डोंगराचा आकार करायचा, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरायचे, ते ओले असतानाच बोटांनी पायऱ्या आणि चोरवाट काढायची, उतारावर मोहरी किंवा अळीव पेरायचे. चार-सहा दिवसांत गडावर हिरवळ येते. माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज, बुरुजांवर मातीचे मावळे, पायथ्याशी विहीर, शेतकरी, आणि बहुतेक ठिकाणी एक प्लास्टिकचा वाघ, जो मावळ्यांच्या दुप्पट उंच असतो. एखाद्या किल्ल्याच्या पायथ्याला मोटारही उभी दिसते. काळाचा एवढा घोटाळा माफ आहे. तटबंदी, दरवाजा, पाण्याचे टाके, माची हे शब्द मुले या चिखलात शिकतात.

पण किल्ला कुठला? विचारले की उत्तर येते रायगड, प्रतापगड, सिंहगड. नाशिकची मुलेही हेच बांधतात. नाशिक शहराच्या उत्तरेला, पेठ रस्त्यालगत आशेवाडीजवळ रामशेज उभा आहे. उंचीने किरकोळ, झाडी नाही, भोवती सपाट रान. मातीत करायला याहून सोपा किल्ला मिळायचा नाही. आणि गोष्ट म्हणाल तर औरंगजेब दक्षिणेत उतरल्यावर १६८२ मध्ये त्याच्या फौजेने या किल्ल्याला वेढा घातला, हा सहज पडेल म्हणून. तो पाचेक वर्षे पडला नाही. आधी शिहाबुद्दीन खान, मग बहादूरखान, मग कासीमखान, सरदार बदलत राहिले. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. मराठ्यांनी लाकूड पोखरून, त्यावर कातडे मढवून तोफा केल्या, हे मोगलांच्याच बाजूचा खाफीखान लिहून गेला आहे. शेवटी १६८७ मध्ये मुल्हेरच्या मोगली किल्लेदाराने पैशाची बोलणी करून किल्ला मिळवला. वेढा, युक्ती, चिवटपणा आणि शेवटी फितुरी. लहान मुलाला खिळवून ठेवायला आणखी काय लागते? शिवाय एकलहऱ्याच्या मुलाला तिथवर न्यायचे तर सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी येता येईल इतकेच अंतर आहे. बागलाणातला साल्हेर, जिथे १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानावर हरवले, तो जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. तो निदान आता पुस्तकांत शिरेल. रामशेजला युनेस्को नाही, म्हणून त्याची वकिली इथे.

किल्ले करणारी मुले फक्त आपल्याकडेच आहेत असे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात चौथीलाच राज्याचा इतिहास असतो. तिथल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी स्पॅनिश पाद्र्यांच्या एकवीस मिशनांपैकी एखाद्याची प्रतिकृती पुठ्ठा नाहीतर साखरेच्या चौकोनी वड्या वापरून बनवली. आईबापांनी रात्र जागून बनवली, असे म्हणणे जास्त खरे. २०१६ साली त्या राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याने शिक्षकांना सांगितले की, या घरबांधणीतून मुलांना विशेष काही कळत नाही. मिशनांत डांबलेल्या मूळ रहिवाशांचे काय झाले ते शिकवा. आपला मातीचा किल्ला कोणी गुणांसाठी करत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण भिंतींच्या आत कोण राहत होते हा तिथला प्रश्न इथेही विचारण्यासारखा आहे.

नाशिकच्या मुलांची ठरलेली सहल म्हणजे पांडवलेणी. मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या डोंगरात चोवीस लेणी आहेत. मुले धापा टाकत पायऱ्या चढतात, मूर्तींपुढे फोटो होतात, खाली फाळके स्मारकात डबे उघडले जातात आणि ‘पांडव इथे राहत होते’ हे ज्ञान घेऊन बस परत निघते. पांडवांचा या लेण्यांशी काडीचा संबंध नाही. ही बौद्ध भिक्खूंची वस्ती. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. वर्ष ४२, महिना वैशाख. हा लेख चौथीच्या गणिताच्या तासाला जसाच्या तसा चालेल.

उषवदाताने लेण्यातल्या वीस भिक्खूंसाठी ३,००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेव म्हणून ठेवली. कुठे? गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. उरलेले एक हजार दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, नुसते व्याज खायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून दर भिक्खूला वर्षाकाठी चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, बारा कार्षापण. आता फळ्यावर मांडा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना वाटले की प्रत्येकी बारा. बरोबर जमले. हजारावर शेकडा पाऊण म्हणजे महिन्याला साडेसात, वर्षाला नव्वद. पावकी, निमकी, पाऊणकी घोकणाऱ्या जुन्या पिढीने हे तोंडी केले असते. व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवला, हेही लेखात आहे. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीची कायम ठेव, तिचा दर आणि तिची नोंदणी! आणि गोवर्धन हे गाव आजही नाशिकला लागून, गंगापूरकडे, आहे. तिथल्या मुलाला हे कोणी सांगितले असेल तर त्या गुरुजींना नमस्कार.

गोष्ट इथेच थांबत नाही. तिथल्याच तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, नहपानाच्या क्षहरात घराण्याचा नायनाट केला असे ती आई अभिमानाने कोरून ठेवते. राजे असे बोलतच असतात, म्हणून पुरावा पाहिजे. तो १९०६ साली सापडला. एकलहऱ्यावरून पुढे वाहत जाणाऱ्या गोदावरीच्याच वाटेवर, सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला, चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा मिळाला. नाणी नहपानाची होती आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. हरलेल्या राजाचे नाणे वितळवायचे नाही, त्याच्या तोंडावरच आपला शिक्का उमटवायचा. विजय म्हणजे काय, हे मुलाला समजावायला एवढे एक नाणे पुरते. वर नाशिकरोडचीच मुले असतील तर पुढचा धागा त्यांच्या घरातच सापडेल. १९२५ साली सुरू झालेले सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ चे नोट प्रेस त्यांच्या बसच्या वाटेवर आहेत. ज्या परगण्यात नहपानाची नाणी फिरली तिथेच आज भारताच्या नोटा छापल्या जातात. अनेकांचे आजोबा प्रेसमध्ये होते.

मग एकलहऱ्याचा स्वतःचा इतिहास? लेणे नाही, किल्ला नाही, प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत गावाचे नाव नाही. शाळेत जिल्ह्याचा इतिहास बहुधा त्या यादीपाशी येऊन थांबतो, त्यामुळे एकलहऱ्याला इतिहास नाही असा मुलांचा समज होतो. वास्तविक हे गाव म्हणजे नव्या महाराष्ट्राच्या इतिहासाचे एक पान आहे. १९६० साली राज्याबरोबरच राज्य वीज मंडळ जन्मले. साठ आणि सत्तरच्या दशकांत ओझरला विमान कारखाना, सातपूरला एमआयडीसी आणि एकलहऱ्याला वीज केंद्र झाले, आणि यात्रेकरूंचे नाशिक कामगारांचेही झाले. केंद्राचा पहिला संच १९७० चा, दुसरा १९७१ चा. म्हणजे ‘शिवछत्रपती’ हे पुस्तक आणि एकलहऱ्याची वीज साधारण एकाच वयाची. मग १९७९ ते १९८१ या काळात दोनशे दहा मेगावॉटचे तीन संच आले. जुने दोन कायमचे बंद झाले, तिसरा, चौथा आणि पाचवा मिळून ६३० मेगावॉटची क्षमता उरली. नदीचे पाणी, रेल्वेच्या वाघिणींतून येणारा कोळसा, चिमण्या, राख. ‘थर्मल’ हा शब्द या भागातल्या मुलाला मुळाक्षरांच्या आधी येतो. ‘प्रकल्पग्रस्त’ हाही त्याने घरी ऐकलेला असतो. कोणाचे शेत कुठे होते, भरपाईचे काय झाले, नोकरी कोणाला लागली, वसाहतीत पहिली घरे कधी बांधली, हा सगळा इतिहासच आहे. याचे दप्तर अर्धे सरकारी कपाटांत आणि अर्धे म्हाताऱ्यांच्या डोक्यात.

इथे शिक्षक बिचकतात. जमिनीचा विषय काढला तर गावात तक्रार होईल ही भीती खोटी नाही. प्राथमिक वर्गात भांडणाचा इतिहास नको, असा एक सर्वमान्य सावधपणा आहे. नाशिकच्या काळाराम मंदिराचे उदाहरण घ्या. मंदिर कोणी बांधले, दगड काळा आहे, रामनवमीनंतरच्या एकादशीला रथ निघतो, एवढे जिल्ह्याच्या माहितीत सहज येते. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह, आणि दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव गायकवाड यांनी वर्षानुवर्षे तो कसा लावून धरला, हे मोठ्या इयत्तांवर ढकलले जाते. वस्तुतः ‘तुला आत यायचे नाही’ म्हणजे काय, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाइतके दुसऱ्या कोणाला कळत नाही. खेळातून बाहेर काढलेल्या मुलाला विचारा. आंबेडकरांची १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्यातली धर्मांतराची घोषणाही याच जिल्ह्यातली. नाशिकचा इतिहास नाशिकच्या मुलांना गाळून सांगायचा असेल तर निराळे पुस्तक हवे कशाला?

नव्या पुस्तकांची वाट पाहण्यात अर्थ नाही. पुस्तके येतील, बदलतील, त्यांवर वाद होतील. कीर्तन्यांपासून होत आले आहेत. एकलहऱ्यापुरते बोलायचे तर घाई वेगळ्याच गोष्टीची आहे. पहिल्या संचावर विशीत रुजू झालेली माणसे आता पंच्याहत्तरीला आली आहेत. ज्यांच्या शेतांवर केंद्र उभे राहिले ते तर त्याहून थकलेले. त्यांनी शाळेच्या निमंत्रणाची वाट पाहू नये आणि शाळांनीही परिपत्रकाची पाहू नये. येत्या जूनमध्ये शाळा भरल्या की एका शनिवारी वर्गात जाऊन बसावे. ओळखपत्र, संचासमोरचा गटफोटो, जमिनीची नोटीस, जे ट्रंकेत असेल ते सोबत न्यावे. मुले विचारतील तेवढे सांगावे, आणि आधी इथे कोणाचे मळे होते ते त्यांनी विचारले नाही तरी सांगावे.